दोनशे घरांचा डॉक्टर

हमीदभाई, तुम्ही जाताना भाभींना एक थाप मारून गेलात आणि ती निस्तरायला मला मागे ठेवलंत.

"माधुरीला दाखवून आलो. तिने नीट तपासलं. ॲसिडिटी आहे म्हणाली, घाबरण्यासारखं काही नाही." सोमवारी संध्याकाळी तुम्ही घरी जाऊन हे सांगितलंत आणि गुरुवारी सकाळी छातीत कळ येऊन गेलात. तिसऱ्या दिवशी मी भाभींना भेटायला गेले, तर त्यांनी माझा हात धरून हेच मला ऐकवलं. वर म्हणाल्या, "एवढं तरी बरं झालं गं. तुझा हात लागला होता त्यांना. नाहीतर जन्मभर मनात राहिलं असतं, की कुणाला दाखवलंसुद्धा नाही." मी तुम्हाला तपासलं नव्हतं. तुमची नाडीदेखील बघितली नव्हती. हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं आणि त्यातला एक जण मातीआड झाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित गिळून टाकलं असतं. आपण डॉक्टर लोक गिळण्यात पटाईत. पण उठताना भाभींनी विचारलं, "त्यांची प्रॅक्टिस तू घेशील? लोकांचे फोन येतायत. त्यांचा भरवसा शेवटी तुझ्यावरच होता ना, दाखवायला तुझ्याकडेच आले." आता सांगा, या भरवशावर मी तुमच्या खुर्चीत कशी बसणार होते? आणि खरं सांगायचं तर त्या बाईच्या हातात जो एवढासा दिलासा होता, तो काढून घ्यायचा? तीन आठवडे माझं डोकं याच घाण्याला जुंपलेलं होतं.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, सुरुवातीपासून सांगा, हिस्टरी घेतल्याशिवाय औषध नाही." तर घ्या हिस्टरी.

आखाती युद्ध संपून वर्ष दीड वर्ष झालं होतं. इथे आखातात, करामा भागातल्या त्या पॉलिक्लिनिकमध्ये मी लागले तेव्हा तुम्ही तिथे आधीपासून होतात. माझी खोली तीन नंबर, तुमची चार, मध्ये पातळ पार्टिशन. तुमचा आवाज पलीकडून यायचा: रत्नागिरीकडची मराठी, मग हिंदी, मग मोडकंतोडकं मल्याळी. सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेनऊ. मधल्या चार तासांत बाहेर उन्हाचा वणवा असायचा, घरी जाऊन परत यायचा कंटाळा. मग आपण तिथेच डबे उघडायचो. माझा नवरा विनय रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात, आठवड्याचे चार दिवस तिकडेच, त्यामुळे मला घाई नसायची. भाभींच्या हातचं बांगड्याचं तिखलं मी तुमच्या डब्यातून खाल्लं आणि माझी भेंडीची भाजी तुम्ही तक्रार करत करत खाल्लीत. "पुण्याच्या लोकांनी भाजीत साखर घालणं थांबवलं तर निम्मे पेशंट कमी होतील," हे तुमचं ठरलेलं वाक्य. ते मला अजून पटलेलं नाही.

महिनाअखेरीला मॅनेजर एक कागद घेऊन यायचा. कुठल्या डॉक्टरने किती पेशंट बघितले, किती तपासण्या लिहिल्या, किती इंजेक्शनं दिली. तो बिचारा ओरडायचा नाही. नुसता कागद टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "डॉक्टरसाब, थोडा देख लेना." एका पाळीला साठ, सीझनमध्ये सत्तर. एकाला चार मिनिटं. त्यात दीड मिनिट इन्शुरन्सचा फॉर्म. आपण माणसाकडे कमी आणि कागदाकडे जास्त बघायचो आणि हे चुकतंय हे दोघांनाही कळत होतं.

एका दुपारी तुम्ही डबाच उघडला नाहीत. मला वाटलं, भाभींशी भांडण. मी चिडवलंही. मग तुम्ही सांगितलंत. सकाळी एक बाई आली होती. तुम्ही लिहिता लिहिता सवयीने विचारलंत, मुलं किती? ती म्हणाली, "डॉक्टर, गेल्या महिन्यात तुम्हीच मला सांगितलं होतं, आता मुलासाठी परत प्रयत्न करू नका म्हणून. या खुर्चीत बसूनच मी रडले होते." तुम्हाला तिचा चेहरा आठवला नाही. नंतर फाइल उघडलीत, तर तुमचंच अक्षर.

"बाई, मला कळलं की मी थकलेलो नाही," तुम्ही म्हणालात. "थकलेला माणूस झोपला की ताजा होतो. मी झोपतो, उठतो, आणि तसाच असतो. माझ्यातलं काहीतरी संपलंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी म्हणाले, "सुट्टी घ्या. गावाला जाऊन या, मासे खा." हे माझं निदान. त्याची फी घेतली नाही, एवढंच.

तुम्ही गावाला गेलातच नाही. दीड वर्षाने पॉलिक्लिनिक सोडलंत आणि चार गल्ल्या पलीकडे, एका लॉन्ड्रीच्या वर, दोन खोल्यांचा दवाखाना थाटलात. तिथली रीत ऐकून आख्खा करामा हसला होता. इन्शुरन्स नाही. पेशंटागणिक फी नाही. एका घराने वर्षाचे सहाशे दिरहम द्यायचे, "म्हणजे साडेपाच हजार रुपये," असं तुम्हीच लगेच गुणाकार करून सांगायचात. मग वर्षभर कितीही वेळा या, फोन करा, अर्धा तास बसा, रडा, भांडा. फक्त दोनशे घरं. दोनशेएकावं आलं तर नाव वहीत लिहून ठेवायचं.

तुमचा स्पॉन्सर, म्हणजे ज्याच्या नावावर दवाखान्याचा परवाना होता तो उंच, अत्तर लावणारा भला अरब, पहिल्या महिन्यात बघायला आला आणि रिकामी वेटिंग रूम बघून हबकला. "हबीबी, पेशंट कुठायत? खलास?" तुम्ही त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलंत, कहावा पाजलात आणि त्याच्या गुडघ्याची चाळीस मिनिटं चौकशी केलीत. जाताना तो म्हणाला, रिकामीच राहू दे. ही गोष्ट तुम्ही मला निदान सहा वेळा सांगितली असेल, दर वेळी मिनिटं वाढवून.

मी तुम्हाला टोमणे मारायला एकही संधी सोडली नाही. "काय, वर्षासन मिळालं का?" असं विचारायचे. पण आतून मी तुमच्यावर खरोखर रागावले होते, हमीदभाई, आणि ते तुम्हाला कळत होतं. तुम्ही गेलात आणि तुमचे पेशंट माझ्या दारात आले. साठाचे ऐंशी झाले. दर गुरुवारी तुमच्याकडे चहाला यायचे तेव्हा आपलं भांडण याच जागेवरून सुरू व्हायचं.

"तुम्ही दोनशे घरांना वाचवलंत. बाकीच्यांचं काय? त्यांनी कुठे जायचं? माझ्याकडेच ना?"

"तुम्हीही असंच सुरू करा. मग चारशे होतील."

"आणि ज्यांच्याकडे सहाशे दिरहम नाहीत? आड तुमचा भरला, मान्य. पण पाणी दोनशे घरांनाच. आम्ही आपले तळाचा गाळ उपसत बसलोय."

एक-दोन महिन्यांनी तुम्ही मला आठ जणांची एक फाइल दाखवलीत. तुमच्या दवाखान्यामागच्या इमारतीतली बॅचलर लोकांची एक खोली, आठ पलंग. दोघे चिपळूणकडचे, तिघे केरळचे, एक लाहोरचा ड्रायव्हर, दोघे कुठले ते आता विसरले. त्यांच्यातला एक जण जिना चढून वर आला होता आणि त्याने विचारलं होतं, "डॉक्टरसाब, हमारा रूम भी तो एक फॅमिली है ना?" तुम्ही हो म्हणालात. एक खोली, एक घर. आठ जणांत सहाशे.

"कुटुंबप्रमुख कोण लिहिलात?" मी विचारलं.

"त्या दिवशी ज्याची स्वयंपाकाची पाळी असेल तो."

हळूहळू अशा चाळीस खोल्या झाल्या. रात्रपाळी करून आलेला माणूस तुमच्यासमोर बसून निवांत सांगायचा, की पोट दुखत नाही साहेब, घरून पत्र नाही आलं. आणि तुम्ही त्याला एकही गोळी न देता परत पाठवायचात. मी हे डोळ्यांनी बघितलं. मला ते आवडलं होतं. तुम्हाला मात्र म्हणाले, "चाळीस खोल्यांनी काय होतंय, कामगारांच्या वस्त्यांनी भरलेला अख्खा अल कूज पडलाय तिकडे." माझं हे असंच. हरतेय असं दिसलं की मी मैदान मोठं करते.

पण घरी गेल्यावर मैदान फार छोटं असायचं. माझा मुलगा ओंकार तेव्हा दहा वर्षांचा. एका रात्री जेवताना तो सांगत होता, वर्गातला मित्र बोलत नाही म्हणून. मी मान हलवली आणि विचारलं, "किती दिवसांपासून?" त्याने चमचा खाली ठेवला. "ममा, आय ॲम नॉट युअर पेशंट." विनय फोनवर हे ऐकून हसला. मी नाही हसले. उद्या तुम्हाला सांगायचं असं ठरवलं आणि सांगितलं नाही. तुम्ही लगेच म्हणाला असतात, माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, येऊन बसा. दर वर्षी एकदा तुम्ही हे म्हणायचातच. मी दर वर्षी म्हणायचे, बघू, इन्शाल्ला. इथे राहून एवढं मात्र शिकले, नाही म्हणायचं नसलं की काय म्हणायचं.

आता तो सोमवार.

संध्याकाळचे सात वाजले असतील. बाहेर चाळीसेक लोक. रिसेप्शनवरच्या मुलीने टोकन नंबर पुकारला, दार उघडलं आणि आत तुम्ही. हातात टोकन. तुम्ही, जे दार न वाजवता मागच्या पॅसेजमधून आत यायचात आणि ट्रेमधली माझी बिस्किटं खायचात, ते रांगेत तास सव्वातास बसून, फी भरून आत आलात आणि पेशंटच्या खुर्चीत बसलात.

आपल्या धंद्यात ही रीत नाही. डॉक्टर डॉक्टरकडे पेशंट म्हणून जातच नाही. पॅसेजमध्ये उभ्या उभ्या विचारतो, "अरे, जरा हे बघ रे," पलीकडचा म्हणतो, "काही नाही, ही गोळी घे," झालं काम. टोकन घेऊन बसणं म्हणजे काहीतरी सांगणं आहे, हे मला कळलं. काय सांगणं आहे, ते मात्र मी माझ्या मनाने ठरवून टाकलं. मागच्याच गुरुवारी आपलं कडाक्याचं वाजलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "चार मिनिटांत माणूस कळत नाही, बाई." मी म्हणाले होते, "मला कळतो." तर हा माणूस ते सिद्ध करायला आलाय, माझ्याच दवाखान्यात, माझ्याच गर्दीत, असं माझं निदान झालं. डोकंच फिरलं माझं.

मी फॉर्म भरत होते, आधीच्या पेशंटचा. वर न बघता म्हणाले, "बोला, काय होतंय?"

"दोन जिने चढलो की इथे जरा भरून येतं." हात कुठे ठेवलात ते मी बघितलं नाही.

"मग जिने चढू नका. तुमची तर बैठी प्रॅक्टिस."

तुम्ही हसलात. "रात्री थोडी जळजळही होते."

"भाभींना तिखट कमी घालायला सांगा. साखर घाला म्हणावं."

तुम्ही परत हसलात. मग म्हणालात, "मला वाटलं, एकदा कुणीतरी बघावं."

हे वाक्य मी ऐकलं होतं, हमीदभाई. कानावर पडलं नाही असं मी म्हणू शकत नाही. ऐकलं आणि मला वाटलं, वा, नाटक चांगलं वठवतायत. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "झाली चार मिनिटं. मुद्दा कळला. जिंकलात तुम्ही. आता पुढच्याला पाठवा, बाहेर चाळीस जण आहेत."

तुम्ही उठलात. "पाठवतो," म्हणालात. आणि दारातून खरोखर पुढच्या माणसाला हाक मारलीत, अगदी अदबीने, "आइये, आपका नंबर."

बस. एवढंच झालं.

आता माझा राग ऐका, कारण मला रागही आलाय आणि तो कुणावर काढणार? तुमच्या दवाखान्यात ईसीजीचं मशीन होतं. रोज लोकांच्या छातीवर तारा लावत होतात. स्वतः पलंगावर आडवं पडून कंपाउंडरला सांगायला काय धाड भरली होती? लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुमच्या दोनशे घरांत प्रत्येक माणसाला डॉक्टर होता. फक्त तुमचं घर त्यात नव्हतं. ज्याच्याशी अर्धा तास बोलता येईल असा माणूस तुम्ही दोनशे घरांना दिलात आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझ्यासारखीच्या रांगेत येऊन बसलात. तुम्ही मला सरळ म्हणायला हवं होतं, "माधुरी, मी घाबरलोय." माझं नाव घेतलं असतंत तर मी मान वर केली असती. पण तुम्हीही शेवटी डॉक्टरच. घाबरलोय म्हणणं तुम्हालाही जमलं नाही.

आणि ती थाप. ती कुणासाठी मारलीत, यावर मी बराच विचार केला. भाभी मागे लागल्या असणार, कुणाला तरी दाखवा म्हणून. त्यांचं तोंड बंद करायला मारलीत? की उद्या काही झालंच तर माधुरीने हाकलून दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही मूर्ख होतात. दुसरं असेल तर मला ते झेपत नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मला दुसऱ्याचीच भीती वाटते.

तुम्ही गेल्यावर मी कामावर जात राहिले. ऐंशी पेशंट, चार मिनिटं. पण आता प्रत्येक माणूस आत आला की मी पेन खाली ठेवते आणि तोंडाकडे बघते. मॅनेजरचा कागद आला. माझा आकडा घसरलाय. "डॉक्टरसाब, थोडा देख लेना." मी म्हणाले, "बघतेच आहे." त्याला कळलं नाही. परवा राजीनामा दिला, तेव्हाही त्याला कळलं नाही. तो म्हणाला, टेन्शन असेल तर एक महिना इंडियाला जाऊन या. मीच तुम्हाला दिलेलं औषध.

लगेच खूश होऊ नका. तुम्ही वाद जिंकलेले नाहीत. मी गेल्यावर त्या तीन नंबरच्या खोलीत कुणीतरी पोरसवदा डॉक्टर येऊन बसेल आणि त्याच्यासमोर तेच ऐंशी जण असतील. त्यांचं काय, याचं उत्तर तुम्ही मला दिलेलं नाही आणि आता देणारही नाही. मी तुमची खुर्ची घ्यायची म्हणते, ते सुद्धा त्या लोकांवर उपकार म्हणून नाही. ऐंशी माणसं बघताना मी एकाला बघितलं नाही, आणि परत असं झालं तर मला डॉक्टर म्हणवून घेता येणार नाही, म्हणून घेते. हे स्वतःसाठीच आहे. तुम्हीही स्वतःसाठीच सोडलं होतंत, फरक एवढाच, की तुम्ही ते मान्य करायचात आणि मी त्यावरून तुम्हाला बोलायचे.

पण खुर्ची भाभींच्या हातून घ्यायची तर आधी भाभींना खरं सांगायला हवं होतं. विनय म्हणाला, कशाला? त्यांचं समाधान आहे त्यात. त्या इद्दतीत आहेत, चार महिने घराबाहेर पडायचं नाही, दिवसभर तेवढा एकच विचार करत बसलेल्या असतात, तो तरी सुखाचा असू दे. मला ते पटत होतं. पटत असताना मी चपला घातल्या आणि काल दुपारी गेले.

भाभी एकट्याच होत्या. मी बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. टोकन, फॉर्म, जिने, साखर, घड्याळ, पुढच्याला पाठवा. काही वगळलं नाही. तुमचं ते वाक्यही सांगितलं, एकदा कुणीतरी बघावं, असं म्हणाले होते म्हणून. मला वाटलं, आता भाभी म्हणतील, ऊठ आणि जा. मी उठायच्या तयारीतच होते.

"ठाऊक होतं मला," भाभी म्हणाल्या. "तरी मनाला बरं म्हणून ते धरून बसले होते. तू तपासलं असतंस, तर त्यांना घरी सोडलंच नसतंस."

रागाने नाही म्हणाल्या, हमीदभाई. रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी तोंडाला पदर लावून बसले. त्यांनी मला रडू दिलं, किती वेळ ते माहीत नाही. मग आपले डोळे पुसत विचारलं, "दवाखान्यात कधीपासून बसतेस?"

मी म्हणाले, एक तारखेपासून.